एम.एस्सी. नर्सिंगनंतर पीएच.डी. : अर्जाआधी दाखला तपासा

एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या आपल्या मुला-मुलींपुढे पुढची पायरी पीएच.डी.ची आहे. बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठासोबत भारतीय परिचर्या परिषद राबवत असलेला राष्ट्रीय पीएच.डी. उपक्रम हा त्यातला एक मार्ग.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींना ५ टक्के सवलत आहे. किमान मुदत ३ वर्षे. नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची असेल, तर नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.

खरी गोची जातीच्या दाखल्याची. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. मात्र केंद्राच्या नमुन्यात १९५० च्या आदेशातील जातीचे नाव लागते. राज्याच्या दाखल्यावरचे नुसते 'नवबौद्ध' तिथे पुरत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो : जाहिरातीची वाट न पाहता उपविभागीय अधिकारी कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला दाखला आताच काढून ठेवा. लढून मिळवलेली सवलत एका कागदापायी हातची जाऊ देऊ नका.