चौकाबाहेरची भिंत : वारली चित्र हॉटेलात कसे पोहोचले?

मुंबईहून अहमदाबादकडे निघाल्यावर मनोर आणि चारोटी मागे पडते. तेथून तलासरीच्या सीमेपर्यंत रस्त्याच्या कडेला खाण्याची ठिकाणे लागत राहतात. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या बाजूला वळले, तर चिकूच्या वाड्यांत लहान रिसॉर्ट्स दिसतात. यांतल्या अनेक ठिकाणी भिंतीवर एकच देखावा असतो. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, पांढऱ्या रेषा, मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. खाली टेबल आणि टेबलावर पनीर टिक्का.

ही भिंत ‘पारंपरिक’ आहे, असे पाहणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात परंपरेतली भिंत वेगळी होती. तिच्या केंद्रस्थानी नाच नव्हता, एक देवी होती. आणि हॉटेलाच्या भिंतीवर ती सहसा सापडत नाही.

वारली घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, त्यांवर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू. घरात लग्न असले की सवाशिणी या भिंतीवर चौक लिहीत. हे चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. रंग म्हणजे तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा लेप आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. नक्षीदार कडांच्या चौकोनात पालघट देवी असे, वनस्पती आणि सुफलतेची देवता. तिच्या सोबतीला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. धवलेरी ही लग्न लावणारी स्त्री. तिची गाणी आणि हा चौक यांच्याशिवाय लग्न पुरे होत नसे. नाचणारे, झाडे, जनावरे, शेतातली माणसे हे सारे चौकाच्या बाहेर, भोवतीच्या मोकळ्या जागेत येत. लग्न झाले, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली, की चित्र संपले. ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

म्हणजे हॉटेलाने भिंतीचा मधला भाग सोडला आणि कडेचा उचलला. हे कसे घडले, हे समजण्यासाठी दोन वेगळ्या इतिहासांचा माग काढावा लागतो : एक खाणावळींचा, दुसरा या चित्रांचा.

जेवणाच्या जागेला नाटकाच्या नेपथ्यासारखे सजवणे ही तशी अलीकडची कल्पना. तिला जगभर वजन मिळाले ते १९५५ मध्ये, अमेरिकेत अॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडल्यावर. तेथे उपाहारगृह हे भूक भागवण्याचे ठिकाण तर होतेच, पण त्याचबरोबर ते कथेचा एक भाग होते. तिथल्या ‘फ्रंटियरलँड’मध्ये त्याच वर्षी ‘आंट जेमायमा’ या नावाचे पॅनकेकचे उपाहारगृह सुरू झाले. आंट जेमायमा हे एका पिठाच्या कंपनीने प्रसिद्ध केलेले पात्र होते : डोक्याला रुमाल बांधलेली, सदा हसतमुख कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. गुलामगिरीच्या काळातले मळ्यावरचे घर जणू सुखाचेच होते, असा त्या हसण्याचा अर्थ. या वेशातली अभिनेत्री ग्राहकांचे स्वागत करी. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर असे हसू अवघड होऊ लागले. १९७० मध्ये उपाहारगृहावरून ते नाव गेले आणि पुढे तीच जागा ‘रिव्हर बेल टेरेस’ झाली. पॅनकेक मात्र राहिले. पिठाच्या पुड्यावरून ते नाव निघायला २०२१ उजाडले.

भारतात या कल्पनेने खेड्याचे रूप घेतले. अहमदाबादेत १९७८ मध्ये ‘विशाला’ सुरू झाले. मातीच्या भिंती, कंदील, जमिनीवर बैठक, पानावर जेवण आणि जोडीला जुन्या भांड्यांचे संग्रहालय. शहरी माणसाने पैसे देऊन संध्याकाळपुरते खेड्यात बसायचे, हा प्रकार लोकप्रिय झाला. पुढे जयपूरजवळच्या ‘चोखी ढाणी’ने त्याला जत्रेचे स्वरूप दिले. विशाला ज्या अहमदाबादेत आहे, तिथेच तलासरीवरून जाणारा महामार्ग पोहोचतो. खाणावळीला ‘गावपण’ देण्याची ही रीत एकदा रुजल्यावर प्रत्येक प्रदेशाला आपापला देखावा हवा झाला. डहाणू-तलासरीत तो शोधावा लागला नाही.

कारण तोवर दुसरा इतिहास घडून गेला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर आले. त्याआधी, बिहारमधील दुष्काळाच्या काळात, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते मिथिलेत गेले होते आणि तेथल्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवण्यास त्यांनी प्रवृत्त केले होते. येथेही तोच मार्ग. फरक एवढाच, की येथे या नव्या कागदावर सर्वांत पुढे गेला तो एक पुरुष.

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणी आई गेली, तेव्हा त्यांचे बोलणे काही वर्षे थांबले आणि ते धुळीत आकृत्या काढून सांगू लागले, असे त्यांच्याविषयी नेहमी लिहिले जाते. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर राहिले. चौकाशी त्यांचा संबंध विधीपुरता नव्हता. रोज, विनाकारण चित्र काढणारा हा माणूस होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन भरले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. (त्याच वर्षी मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण वारली चित्र कलादालनात गेले आणि मुंबईकराला मनोरंजन उद्यान मिळाले, ते एकाच वर्षी.) २००९ मध्ये प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

कागदावर आल्यावर चित्र बदलणे अपरिहार्य होते. विधी नाही, म्हणून चौकाची सक्ती नाही. लिहिणाऱ्या सवाशिणींच्या जागी बहुतांशी पुरुष चित्रकार आले आणि चित्राखाली सही आली. चौकाबाहेरचे जग मध्यभागी आले : मासेमारीचे जाळे, भाताची झोडपणी, मुंग्यांचे वारूळ. मशे यांच्या हातून यातून फार मोठी चित्रे निर्माण झाली; त्यांच्या जाळ्यातल्या बारीक रेषांकडे पाहिले, की हा ऱ्हास होता असे म्हणवत नाही. मात्र सजावटकाराला एवढ्या रेषांची गरज नसते. त्याला दुरून ओळखू येणारी, कोणत्याही मापात बसणारी एक आकृती हवी असते. दोन त्रिकोणांचे शरीर आणि तारप्याचा वळसा ही गरज उत्तम भागवतो. नाच कोणत्याही लांबीचा करता येतो, खांबाभोवतीही फिरवता येतो. देवीचा चौक तसा कापता येत नाही.

येणाऱ्यांची संख्याही वाढत होती. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि मोठ्या उद्योगांवर मर्यादा आल्या, वाड्या टिकल्या. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली. शनिवार-रविवारच्या पाहुण्याला समुद्र, चिकू आणि थोडे ‘आदिवासी वातावरण’ असा बेत मिळू लागला. गेरूच्या जागी ऑइलपेंट व अॅक्रिलिक आले, मग चिकटवायचे छापील व्हिनाइल. लाल भिंत कधी काळी झाली, कधी निळी. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन मालावरच्या नावाचे रक्षण करते. दोन त्रिकोण जोडून माणूस काढण्यापासून ते कोणालाही अडवत नाही.

या भिंतीवरून आणखी एक गोष्ट पुसली गेली आहे, आणि ती देवीपेक्षा जड आहे.

ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, त्याच लग्नासाठी वारली तरुण जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढी. फेड श्रमाने. नवरा आणि पुष्कळदा बायकोही सावकाराच्या शेतावर राबत, आणि कर्ज संपतच नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९३० च्या दशकाअखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने केलेल्या अहवालात या गुलामीची नोंद आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे, आजच्या तलासरी तालुक्यात, किसान सभेच्या सभेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या लढ्याचे नेतृत्व करत होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. जिव्या मशे तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. हा सारा काळ गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात मांडला आहे. झरी आणि तलवाडा ही ठिकाणे महामार्गावरच्या त्या रंगीत भिंतींपासून फार दूर नाहीत.

येथे आंट जेमायमाची आठवण होते, पण तुलना सावधपणे करायला हवी. ते हसू कंपनीने घडवले होते, आणि ज्यांच्या नावावर ते खपवले गेले त्यांच्या हाती काहीच नव्हते. तारप्याचा नाच वारल्यांचा स्वतःचा आहे, आनंदही खरा आहे. आणि हॉटेलाची भिंत रंगवण्याचे काम मिळाले, तर गंजाडच्या चित्रकाराच्या घरी पैसे येतात. व्हिनाइल चिकटवले, तर तेही येत नाहीत. प्रश्न नाचाचा नाही. लग्नातला चौक गेला, लग्नामुळे आलेली गुलामी गेली, ती मोडणारा उठाव गेला आणि जेवणाऱ्यापुढे उरला तो केवळ कायमचा सुखी पाडा, एवढेच.

चित्रकारांनी मात्र स्वतःची भिंत सोडलेली नाही. गंजाडचे राजेश वांगड यांनी २०१३ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत एक मालिका केली. गिल यांनी त्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे टिपली. वांगड यांनी त्यांच्यावर आपल्या रेषांनी तेथे घडलेले आणि कुटुंबांत सांगितले गेलेले उतरवले. छायाचित्रात रिकामे दिसणारे माळरान या रेषांनी भरून जाते. तेथे वळसा घालून नाचणारे आहेत, तसे दुसरेही पुष्कळ काही आहे.

आणि काही पाड्यांवर आजही लग्नाच्या दिवसांत सवाशिणी भिंत गेरूने सारवतात, तांदळाचे पीठ कालवतात आणि आधी चौकोनाच्या चार कडा लिहितात. नाचणारे नंतर, जागा उरेल तिथे.