"बाई, मी वही विसरलो"

हे वाक्य एका मुलीचं आहे. मुलाचं नाही. साताऱ्याकडच्या वाचकाला इथेच ठेच लागेल आणि सांगलीकडच्याला काहीच खटकणार नाही. माझं माहेर सातारा, सासर सांगली, आणि नोकरी दोन्ही जिल्ह्यांत झाली. त्यामुळे हा फरक मी आयुष्यभर ऐकत आले. आमच्या सासूबाईसुद्धा "मी देवळात जाऊन आलो" असंच म्हणायच्या. बाईमाणूस आणि "आलो"! माहेरची मंडळी गालातल्या गालात हसायची.

शाळेत याला सरसकट "अशुद्ध" म्हणायची पद्धत होती. वहीत लाल शाईने "विसरलो"चं "विसरले" व्हायचं. पोर घरी जाऊन आईला सांगायची, "मी चुकलो." म्हणजे चूक कळली, पण व्याकरण आपलं तिथेच! असो.

आज लिहायचंय ते या "चुकी"च्या इतिहासाबद्दल. ही चूक नसून हिशोब आहे, असं माझं मत आहे.

आधी प्रमाण मराठीच घेऊ. "मी शाळेत जाते", "मी शाळेत जातो", इथे क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. पण "मी उद्या शाळेत जाईन" यात? मुलगा असो की मुलगी, "जाईन"च. "मी धडा वाचला" यातही मुलगा-मुलगी कळत नाही, कारण क्रियापद धड्याच्या मागे गेलं. म्हणजे "मी" म्हणताना लिंग सांगितलंच पाहिजे असा काही मराठीचा सोवळा नियम नाही. कुठे सांगते, कुठे नाही.

आता शेजारची कन्नड पाहा. "नानु बंदे" म्हणजे मी आलो, आणि मी आलेसुद्धा. तिथे "तो आला" आणि "ती आली" यांची रूपं वेगळी आहेत, पण "मी"ला लिंगच नाही. आणि खरंच, समोर उभं राहून बोलणारी मुलगी आहे की मुलगा हे दिसत असताना क्रियापदाने पुन्हा कशाला सांगायचं? सांगली, मिरज, कोल्हापूरकडची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेली. शेजारणीकडून विरजण आणावं तशी ही सवय तिकडून आली असं मानायला भरपूर जागा आहे.

हे नुसतं माझं घरगुती मत नव्हे. आपल्या सांगलीजवळचं कुपवाड भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे, हे किती जणांना माहीत असेल? सांगलीच्या रिक्षावाल्याला विचाराल तर तो एमआयडीसीत नेऊन सोडेल! जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी कुपवाडच्या बोलण्यावर लिहिलेला निबंध १९७१ साली केंब्रिजने काढलेल्या एका ग्रंथात आला, आणि तेव्हापासून भाषासंपर्काच्या अभ्यासात त्याचा उल्लेख सतत होत आला आहे.

तेव्हाचं कुपवाड साधारण ३,००० वस्तीचं खेडं होतं. जैन आणि लिंगायत घरांतून कन्नड, मुसलमान घरांतून उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांतून मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही घरांतून तेलुगू. चार भाषा, एक गाव, शतकानुशतकांचा शेजार. या दोघांना काय आढळलं? शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचा सांगाडा एक होत गेला. त्यांचं एक उदाहरण फार गाजलं. कुपवाडची मराठी, "पाला जरा कापून घेऊन आलो." कुपवाडची उर्दू, "पाला जरा काट के ले के आया." कन्नड वाक्यातही शब्द तेवढेच, क्रम तोच, आणि "जरा" तर जसाच्या तसा. एका भाषेतून दुसरीत जायचं तर शब्द बदला, बाकी काही हलवायला नको.

आणखी एक गंमत. आपण मराठीत "आम्ही" आणि "आपण" यांत फरक करतो. "आम्ही सहलीला चाललो" म्हटलं की ऐकणारा घरी राहिला, "आपण सहलीला जाऊ" म्हटलं की त्याचाही डबा भरायचा. तेलुगूतही असे दोन शब्द आहेत, प्रमाण उर्दूत नाहीत. पण कुपवाडच्या उर्दूने हा फरक उचलला. सहलीला कोण येणार हे नीट कळायला हवं ना!

वहीत टिपून ठेवलेली माझीही काही वाक्यं आहेत. "गुरुजी उद्या परीक्षा हाय म्हणून सांगितले." पुस्तकी मराठीत आपण लिहू, "गुरुजींनी सांगितलं की उद्या परीक्षा आहे." यातला "की" फारसीतून आलेला पाहुणा. कन्नडमध्ये अशा ठिकाणी "अंत" येतं, त्याचा मूळ अर्थ "म्हणून" असाच, म्हणजे "असं म्हणत". तेव्हा खेड्यातलं पोर अशुद्ध नव्हे, उलट या मातीतली घडण जपून बोलत होतं. तसंच "वही-बिही आणलीस का?" आपण "बि" लावतो, कन्नडमध्ये "गि" लागतो, "पुस्तक-गिस्तक". आणि अक्का, अण्णा, अडकित्ता हे तर घरचेच झालेत. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये "सीतास्वयंवर" केलं, त्याला प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची होती. मग नाटक तिकडून आलेलं चालतं, आणि "आलो" तेवढं चालत नाही?

शेजारी भाषा नेहमी अशाच वागतात असंही नाही. स्पेनमध्ये कातालान आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. "जाणे" हे क्रियापद दोघीही मदतीला घेतात. स्पॅनिशमध्ये "मी शाळेत जाणार आहे" यासाठी, आणि कातालानमध्ये "मी शाळेत गेलो" यासाठी. एकीचं उद्या ते दुसरीचं काल! इतक्या वर्षांच्या शेजारातही हा फरक पुसला गेला नाही. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, कातालानला शाळेबाहेर ठेवलं होतं, तरी ती घरात टिकली आणि १९८३ च्या कायद्याने पुन्हा शाळेत आली.

कुपवाडमध्ये चार भाषा एकमेकींसारख्या होऊनही वेगळ्या का राहिल्या? अभ्यासकांचं उत्तर असं, की घरात आपली भाषा बोलायची हा रिवाज होता. आणि गावात सगळ्यांशी बोलायला मराठी, कारण ती शेतमालक असलेल्या मोठ्या गटांची घरची भाषा नव्हती. म्हणजे मराठी तिथे चावडीसारखी होती, कुणा एकाची नाही म्हणून सगळ्यांची.

पुढे १९९८ मध्ये कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत गेलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला आणि "शब्द बदला, वाक्य तयार" या सिद्धांताची कडक तपासणी केली. शास्त्र असंच चालतं, आधीच्याची वही पुढचा तपासतो. डेक्कन कॉलेजने महाराष्ट्रभरच्या बोलींचं सर्वेक्षणही इंटरनेटवर ठेवलंय. आपल्याच माणसांचे आवाज आहेत त्यात, अवश्य ऐका.

मला काळजी वाटते ती वेगळीच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला, १९६० मध्ये त्याचा सांगली झाला. सीमा कागदावर आखल्या गेल्या, आणि अजूनही जत तालुक्यातल्या गावांवरून दोन राज्यांत वाद होतो. बोलण्यात मात्र अशी रेघ कधीच नव्हती. ती आता घरात पडू लागलीय. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, आजीचं "मी आलो" ऐकून हसतात, आणि आजी त्यांच्यासमोर बोलायचंच टाळते. लाल शाईने जे झालं नाही ते या हसण्याने होईल.

प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. अर्ज, परीक्षा, वर्तमानपत्र सगळं तिच्यात आहे. पण "विसरलो"च्या शेजारी "विसरले" लिहून मुलीला सांगावं, "हे घरचं, हे परीक्षेचं, दोन्ही तुझंच." एवढ्याने तिची मराठी बिघडत नाही, आणि आईचीही चुकीची ठरत नाही.

तुमच्याकडची अशी वाक्यं असतील तर जरूर कळवा. विशेषतः मिरज, जत, कागवाडकडच्या नातेवाइकांनी. आणि लिहिताना शुद्ध करून पाठवू नका, ही विनंती.