बॉम्बे टॉकीज

बॉम्बे टॉकीज ही मुंबईच्या मालाड उपनगरातील चित्रपटनिर्मिती संस्था होती. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी ती १९३४ मध्ये स्थापन केली. जर्मन तंत्रज्ञ आणि निरनिराळ्या प्रांतांतील भारतीय कलावंत यांच्या एकत्रित कामासाठी ही संस्था ओळखली जाते.

पार्श्वभूमी
राय यांनी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासह ‘प्रेम संन्यास’ (१९२५), ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) हे मूकपट केले होते. त्या ओळखीतून ऑस्टेन, छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग आणि नेपथ्यकार कार्ल फोन श्प्रेटी मालाडला आले. संस्थेचा पहिला चित्रपट ‘जवानी की हवा’ १९३५ मध्ये प्रदर्शित झाला.

कार्यपद्धती
ऑस्टेन यांना हिंदी येत नव्हती, तरीही संस्थेच्या सुरुवातीच्या बहुतांश हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शन त्यांनीच केले. त्यामुळे भाषेची आणि सामाजिक संदर्भांची बाजू भारतीय सहकाऱ्यांकडे असे. अस्पृश्यतेवरील ‘अछूत कन्या’ (१९३६) या चित्रपटाची कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे आणि संगीत सरस्वतीदेवी यांचे होते. सरस्वतीदेवी यांचे मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी स्त्रीने चित्रपटात काम करण्याला त्यांच्या समाजातून विरोध झाला, मात्र राय यांनी त्यांना कायम ठेवले.

कामातूनच शिकवणे हे संस्थेचे वैशिष्ट्य होते. अशोक कुमार येथे प्रथम प्रयोगशाळा साहाय्यक होते; पुढे ते नायक झाले. आर. डी. परिंजा यांनी विर्शिंग यांच्या हाताखाली छायाचित्रण आत्मसात केले.

दुसरे महायुद्ध
१९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने ऑस्टेन व विर्शिंग यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. १९४० मध्ये राय यांचेही निधन झाले. संस्थेचे काम मात्र थांबले नाही. ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’ (१९४३) या अत्यंत यशस्वी चित्रपटाचे छायाचित्रण परिंजा यांनी केले. परदेशी तंत्रज्ञांचे कौशल्य स्थानिक सहकाऱ्यांपर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण होय.

उत्तरकाळ
अंतर्गत मतभेदांमुळे शशधर मुखर्जी, अशोक कुमार आदींनी १९४३ मध्ये फिल्मिस्तान स्थापन केली. सुटकेनंतर विर्शिंग भारतातच राहिले आणि त्यांनी संस्थेच्या ‘महल’ (१९४९) चे छायाचित्रण केले. १९५० च्या दशकाच्या मध्यास संस्था बंद पडली.