गफार बेग मुन्शी त्या घरी गेले होते

जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्या नाटे गावात वर्ग भरलेला असतो. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की मोठ्या वर्गांतली दोन-चार मुलं दिसेनाशी होतात. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा असाच गेला. तीन आठवडे मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत राहिलो. एके दिवशी त्याचे वडील बंदरावर भेटले. म्हणाले, "सर, शिकून काय साहेब होणाराय तो? शेवटी जाळंच ओढायचंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हीच गोष्ट पुण्यात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी घडली होती. लहानग्या जोतीचं नाव गोविंदरावांनी शाळेतून काढलं. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, हा सल्ला त्यांना पटला होता. मुलगा दिवसभर मळ्यात राबू लागला, पण रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसायचा. हे शेजारच्या दोघांच्या नजरेस पडलं. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब. दोघांनी गोविंदरावांना समजावलं आणि १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला.

बी.एड.ला असताना हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. बंदरावरून परतताना वेगळंच लक्षात आलं. जोती मुन्शींच्या वर्गातला नव्हता. त्यांच्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. तरीही त्यांनी त्याच्या वडिलांशी बोलणं आपलं काम मानलं.

पुढे १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख, म्हणजे तिच्या स्वतःच्या घरादाराचं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, सामान्य लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत आणि गरज पडली तर नांगराला हात लावायची त्यांना लाज वाटू नये. मुलाची भाषा आणि त्याच्या घरचं काम ज्याला परकं वाटतं, त्याच्याजवळ मूल मन उघडत नाही, हे ते अनुभवाने जाणत होते.

मग मी त्या मुलाच्या घरी गेलो. अभ्यासाचं काही काढलं नाही. भरतीची वेळ कशी काढतात, एवढंच विचारलं. तो लगेच म्हणाला, "तिथीची पाऊणपट, सर. अष्टमीला सहा." फळ्यावरच्या अपूर्णांकांपुढे गप्प बसणारा हाच मुलगा! मी म्हटलं, हे मराठीत लिहून आण. त्याने पानभर लिहिलं. त्यात घरची बोली होती, उर्दू शब्द होते, शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी एकही चूक लाल शाईने खुणावली नाही. पान वर्गात वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं उठून त्याच्या हिशेबावर वाद घालू लागली.

वडिलांचं म्हणणं पूर्ण बदललेलं नाही. हंगामात मुलगा काही दिवस होडीवर असतोच. पण आता त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, की त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जातो.