कप्तान मेरी मिलर

गटात कर्जाचा अर्ज भरताना आम्ही 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहू, असं विचारतो. पहाटेपासून गोठ्यात आणि शेतात राबणारी बाई म्हणते, "घरकाम लिहा की." त्यावरूनच आम्हाला आज एका लांबच्या बाईची गोष्ट सांगायची आहे. ही बाई अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरची.

रेल्वे पोचायच्या आधी तिकडचा बराचसा माल नदीनं जायचा. शेतकरी लाकडाच्या सपाट बोटी बांधायचे, त्यात धान्य लादून धारेबरोबर खाली न्यू ऑर्लिन्सला जायचे. येताना मात्र धार उलटी. मग बोट मोडून लाकूड विकायचं आणि शेकडो मैल चालत घर गाठायचं! 1811 साली वाफेवरची पहिली बोट या नदीकडे निघाली. ती बांधणाऱ्याची बायको लिडिया रूझवेल्ट पोटुशी होती, तरी सोबत गेली. वाटेत लुईव्हिल गावी बाळंत झाली आणि बाळाला घेऊन पुढचा प्रवास केला.

पुढे या बोटी कापसाच्या गाठींनी भरू लागल्या. तो कापूस कितीतरी वर्षं गुलामांच्या घामावर पिकला, हेही सांगायला हवं. बोटीचा प्रवास धोक्याचा. गाळात रुतलेली झाडं बोटीचा तळ फोडत, बॉयलर फुटत. 1865 मध्ये 'सुलताना' बोटीवर बॉयलर फुटून अकराशेहून जास्त माणसं गेली. अशा अपघातांमुळे सरकारनं परवान्याचे नियम कडक केले. सुकाणू धरून वाट काढणारा तो पायलट आणि सगळ्या बोटीची जबाबदारी घेणारा तो कप्तान. दोघांचे परवाने वेगळे.

मेरी मिलर आणि तिचा नवरा जॉर्ज यांची 'सलीन' नावाची बोट होती. जॉर्ज एकटाच पायलट आणि कप्तान अशी दोन्ही कामं करतो, अशी तक्रार धंद्यातल्या चढाओढीतून झाली. बोट बंद पडायची वेळ आली. मग कप्तानाच्या परवान्यासाठी मेरीनंच अर्ज केला. न्यू ऑर्लिन्सचे अधिकारी गडबडले. बाईला परवाना कसा द्यायचा? प्रश्न थेट वॉशिंग्टनला गेला. वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. अर्थखात्याचे मंत्री चार्ल्स फोल्गर यांनी कळवलं, की ती कामाला लायक असेल तर बाई आहे म्हणून अडवू नका.

16 फेब्रुवारी 1884 रोजी मेरीला परवाना मिळाला. वाफेच्या बोटीची कप्तान म्हणून परवाना मिळालेली ती अमेरिकेतली पहिली बाई. परवान्यावर नद्यांची नावंही होती: मिसिसिपी, रेड, वॉशिटा.

येत्या बैठकीत म्हशीच्या कर्जाचे अर्ज भरायचे आहेत. तो 'व्यवसाय'चा रकाना आम्ही परत विचारणार आहोत.