नौका अभिकल्पातील भारगणना

नौकेच्या प्रत्येक भागाचे वजन व स्थान यांचा बांधणी पूर्ण होईपर्यंत ठेवलेला हिशेब. 'कॅप्टन' या ब्रिटिश युद्धनौकेचे वजन बांधणीत वाढत गेले. पाण्यावरील बाजूची उंची नियोजित ८ फुटांऐवजी सु. साडेसहा फूटच राहिली. १८७० मध्ये ती वादळात उलटून सु. ४८० माणसे बुडाली. तिचा पुरस्कर्ता कोल्स हाही त्यांत होता.

संगणकीय प्रतिमानात घनफळ व घनता यांवरून वजन आपोआप निघते. रंग, वितळजोड यांची वजने मात्र बहुधा अंदाजाने धरावी लागतात. संगणकयुगातही स्पेनच्या एस-८० पाणबुडीचे वजन सु. ७५ ते १०० टनांनी जास्त असल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. उत्प्लावकतेसाठी ती सु. १० मी. लांबवावी लागली. चार पाणबुड्यांचा खर्च सु. २१३ कोटी यूरोंवरून सु. ३९० कोटींवर गेला. पहिली २०२३ मध्ये नौदलास मिळाली.