बरोबरीची कुस्ती : माती आणि गादी

मंडळी, कुस्तीच्या मैदानात पटका बांधून बसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा की, बाबा, कुस्ती बरोबरीची लागली हे कशावरून ओळखायचे? तो चटकन सांगेल : वजन सारखे, जोर सारखा, पंच कुणाच्या बाजूचा नाही, आणखी काय पाहिजे? पायाखाली काय आहे, हे त्याच्या तोंडून सहसा यायचे नाही. त्याचा दोष नाही. आपल्याकडे तो प्रश्नच नव्हता. पायाखाली तांबडी माती असायची, दोघांच्याही, आणि दोघेही तिच्यातच लहानाचे मोठे झालेले असायचे.

कोल्हापूरच्या मातीला हे थोरपण आले ते राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने वर्तुळाकार क्रीडागृह पाहिले, आणि तसे काही आपल्या गावी व्हावे असे मनात घेतले. त्यातून खासबागेचे मैदान उभे राहिले आणि १९१२ साली खुले झाले. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही खालचा डाव स्वच्छ दिसावा अशी रचना. राजाने पैलवानांना खुराक दिला, तालमी दिल्या, आणि गावोगावची पोरे मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींत राहायला आली.

आता ही माती म्हणजे नुसती माती नव्हे, हे तुम्हांला मी सांगायला नको. ती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत ठेवायची. अशा मातीत पाय रुततो. अंगाला घाम आला की मूठभर माती चोळली, की पकड पक्की बसते. जोर लावायला वेळ मिळतो. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नसेच, पाठ लागेपर्यंत झुंजायचे. आणि घिस्सा मारताना समोरच्याच्या लंगोटाला हात घातला तर इथे कुणी ‘फाऊल’ म्हणून ओरडत नाही. तो डावच आहे.

गादीवरचा मामला अगदी निराळा. तिथे पाय रुतत नाही, उलट सरकतो. पायांत बूट लागतात. अंगाला चोळायला माती नाही. पोशाखाला धरले तर तो गुन्हा. आजच्या नियमांप्रमाणे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, आणि त्याबाहेर पाय गेला की समोरच्याला गुण. म्हणजे पाठ न लागताही माणूस हरतो! मातीतला पैलवान दम राखून कुस्ती ओढतो, गादीवरचा पहिल्या क्षणापासून पटात घुसतो. दोन्ही कुस्त्याच, पण शरीराला लागलेल्या सवयी वेगळ्या.

हे भोगावे लागले ते खाशाबा जाधवांना. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला आला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला. वजनगट ५२ किलोंचा. गादीवर झुंजण्याची सवय नाही, नियम परके. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी कुस्तीगिराने त्याला शिकवले; पण जे अंगात मुरायला वर्षे लागतात ते ऐनवेळी किती मुरणार? तरीही तो सहावा आला.

इथे क्षणभर थांबा आणि न्यायाचा हिशेब करा. गादी दोघांना एकच होती. बूट दोघांच्याही पायांत होते. नियमही एकच. कागदावर काही खोट नव्हती. पण एकजण वर्षानुवर्षे त्याच गादीवर वाढलेला, आणि दुसरा हौद्यातून थेट तिच्यावर उतरलेला. एकाला साधन ओळखीचे आणि दुसऱ्याला परके, तर साधन सारखे असूनही कुस्ती बरोबरीची म्हणता येईल का? मी तरी म्हणणार नाही.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा पुन्हा पैशांची वानवा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. मधल्या चार वर्षांत खाशाबांनी कसून तयारी केली होती आणि ते आता ५७ किलोंच्या गटात होते. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी इथले मल्ल त्यांनी हरवले. मग जपानच्या इशीबरोबर दीर्घ झुंज झाली आणि ती गेली. अंग अजून ओले होते, तोच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी कुस्ती लावली. दोन कुस्त्यांमध्ये ३० मिनिटांची विश्रांती द्यावी असा नियम होता. नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. घरी आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती कथा आपल्या भागात अजून सांगतात. त्या ३० मिनिटांची कथा मात्र कमी सांगतात, आणि शिक्षकबंधूंनी वर्गात तीच आधी सांगावी असे मला वाटते.

म्हणून माती कमअस्सल, असे कुणी समजू नये. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये तर कमरेखाली हात लावायची बंदी! तालमीत पट काढून वाढलेल्या माणसाने तिथे सोने जिंकावे, याला काय म्हणाल? मातीने कमावलेली मान आणि कंबर कुठेही कामाला येते. तयारीला वेळ तेवढा मिळायला हवा.

साधनाचा हा वाद केवळ कुस्तीचा नाही. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, त्याच सुमारास पाण्यावर तरंगवणारे नवे पोशाख निघाले होते. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत एका दमात ४३ विश्वविक्रम झाले आणि लोकांना शंका आली की पोहते कोण, माणूस की कापड? १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद. हल्ली पोरे पडद्यावरच्या मारामारीच्या खेळांच्या स्पर्धा भरवतात, तिथेही हेच. एकाच्या हातात दांडी, दुसऱ्याच्या हातात नुसती बटने. दांडी एका वेळी एकाच बाजूला झुकते. बटने मात्र डावे-उजवे एकदम दाबता येतात. मग तशा दाबण्याचा अर्थ यंत्राने काय धरायचा, याचाही नियम आयोजकांना लिहून ठेवावा लागला. हसू नका; लंगोट धरू द्यायचा की नाही, याचाच हा भाऊबंद आहे.

आपल्या महाराष्ट्र केसरीने यावर एक तोडगा काढला. १९६१ पासून चालत आलेल्या ह्या स्पर्धेत आता माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात, आणि दोन्हीकडचे विजेते किताबासाठी भिडतात. तोडगा चांगला; पण शेवटची कुस्ती गादीवर लागते, तेव्हा मातीवाल्याने पाहुणा म्हणून जायचे आणि गादीवाल्याने घरी खेळायचे, असा थोडा प्रकार होतोच. २०१८ साली जालन्याला माती विभागातून आलेल्या बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला ११-३ असे हरवले, हे खरे. पण एका बहाद्दराने नदी पोहून पार केली म्हणून पूल नको, असे कुणी म्हणत नाही.

आणि गादीचे उपकारही विसरू नयेत. हौद्यात पोरींना कितीतरी वर्षे कुणी उतरू दिले नाही. २००४ साली महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली आणि गादीवर त्यांना वाट मिळाली. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने किताब घेतला.

अडचण आहे ती खेड्यातल्या तालमीची. गादी काही लाखांच्या घरात जाते, तिला कोरडी, झाकलेली जागा लागते. मग गावचे पोर पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत फक्त माती ओळखते, आणि निवड चाचणीला जाते ते थेट गादीवर. खाशाबांचे १९४८ पुन्हा तेच. एकेका गावाला हे झेपणार नाही. पाच-सहा गावांच्या तालमींनी मिळून एखाद्या शाळेच्या सभागृहात एक गादी घातली आणि आठवड्याचे वार वाटून घेतले, तर झेपेल.

आणि गादी येईपर्यंत शिक्षकांनी वाट पाहत बसायचे कारण नाही. साडेचार मीटर दोरी घ्या, मधे खुंटी ठोका, आणि शाळेच्या मैदानातल्या मऊ मातीवर चुन्याच्या फक्कीने गोल आखा. हातात घड्याळ धरा. पोरांना सांगा, लंगोटाला हात नाही, आणि रेघेबाहेर पाय गेला की गुण समोरच्याचा. पहिले दोन दिवस ती सारखी बाहेर जातील.